कागदाचे हार

योगेंद्र सोनाराला हार सुचायचा तो बायकोच्या गळ्यावर. नशिराबादच्या घरात सुनंदाबाई स्वयंपाक आटोपून पाटावर बसायच्या. हा जुन्या कॅलेंडरचा कागद कापून त्यांच्या गळ्याभोवती लावायचा, मागे दोऱ्यानं बांधायचा आणि पेन्सिलीनं त्यावरच वेल, पानं, घुंगरू काढायचा. तीस वर्षं हे चाललं. जळगावात मांगीलाल शेठच्या दुकानात काचेआड झळकलेला प्रत्येक हार आधी या माउलीच्या गळ्यात कागदाचा होऊन गेला होता.

शेठ थकले, गादीवर नातू पुनीत आला. सोमवारी त्यानं सांगून टाकलं, "योगेंद्रकाका, आखाजीच्या सोनेखरेदीला नवं कलेक्शन काढायचंय. सात हारांचे कागद, गुरुवारपर्यंत. नाही जमलं तर कॉम्प्युटरवरची डिझाईन बाहेरून घेऊ. मग तुम्ही आराम करा."

आराम करा म्हणजे काय, हे न कळायला योगेंद्र काही कुक्कुलं बाळ नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं येतंय काय त्याला? कप्पाळ!

आणि नेमका त्याच आठवड्यात सुनंदाबाईंनी गळा द्यायला नकार दिला. भाचीच्या हळदीत कुणीतरी बोलून गेलं होतं, सोनारीण असून गळ्यात नुसती काळी पोत! ते बोलणं बाईंच्या काळजात रुतलं होतं.

योगेंद्रानं दुकानातली, हार मांडायची लाकडी मान आणली. कागद तिच्यावर मेल्यासारखा पडे. मग आरशासमोर बसून स्वतःच्याच गळ्याला लावून पाहिला, तर मधे दाढीचे खुंट! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बुधवारची दुपार झाली, घरभर चोळामोळा कागद झाले आणि एकही हार झाला नाही. त्याचा धीर सुटला. स्वयंपाकघराच्या दारात बसून तो लेकरासारखा रडला.

"बस ना गं एकदा. पाया पडतो तुझ्या."

"तीस वरीस मना गळामा कागदच पडना," सुनंदाबाई अहिराणीत कडाडल्या. "तुमले मनी मान दिसस, मी नही दिसस!"

सोनारानं कान टोचावेत म्हणतात, इथे सोनाराचेच टोचले गेले. तरी बाईंनीच पाट ओढला आणि त्या बसल्या. शेवटी पोटात माया होतीच.

योगेंद्रानं कागद लावला आणि त्याचा हात थांबला. गळ्याची हाडं वर आली होती. कातडी सैल पडून तिला बारीक वळ्या आल्या होत्या. पोतीनं मानेवर कायमचा काळपट पट्टा पाडला होता. हे कधी झालं? रोज हात लावत होता की मेला! आजवर तो रेघ बघत होता, गळा बघतच नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं खोल गेलेल्या खळगीत पदक बसवलं, वळ्यांवर वेल सोडली आणि पोतीच्या पट्ट्यावर घुंगरांची दाट ओळ टेकवली. संध्याकाळपर्यंत सात हार झाले. असं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

गुरुवारी पुनीतनं कागद पाहिले आणि तो खूश झाला. "वा काका!" म्हणत त्यानं पहिला कागद धाकट्या बहिणीच्या, जिनलच्या गळ्याला लावला. एकोणीस वर्षांचा भरलेला, ताठ गळा. पदक खळगी शोधत उताणं पडलं आणि घुंगरांची ओळ उचलली गेली. दुसरा लावला, तिसरा लावला, तेच. मांगीलाल शेठ गादीच्या कडेला बसून बघत होते. त्यांनी समोरची वही उघडली.

"आराम करा काका," पुनीत म्हणाला.

योगेंद्र घरी आला आणि सातही कागद बायकोपुढे टाकून भिंतीशी बसला. "संपलं," एवढंच बोलला. सुनंदाबाईंनी एक कागद उचलून गळ्याला लावला. आरशात पाहिलं. पदक बरोबर खळगीत बसलं होतं.

"दोरा बांधा मांगे," त्या म्हणाल्या.

"आता कशाला?"

"हाऊ हार तरी मना मापना शे."

तो उठला. दोरा घेऊन बाईंच्या मागे बसला, पण गाठ काही केल्या बसेना.