जावयाचा जंगी सामना

आमच्या घरात एक कायदा होता. शीलचं गाणं लावायचं न्हाई. टीव्हीवर आलं तर बंद करायचं, शेजारी वाजलं तर खिडकी लावून घ्यायची. घर माझं, पेन्शन माझी, टीव्ही माझा, अन् कायदा घरजावयाचा. मी केवळाबाई. सरकारी दवाखान्यात आयाबाई म्हणून हयात काढली. तिथं मोठमोठे डॉक्टर माझ्याशी नीट बोलायचे, पण ह्या माणसापुढं मी गप बसत आले. पोरीचा जीव त्याच्यात अडकलेला, दुसरं काय.

शील म्हणजे तोच, केसांचा भारा वाढवलेला, गिटारवर रॉक का काय म्हणतात ते वाजवतो. मुंबईत लोक त्याच्या तिकिटाला रांगा लावतात म्हणे. तो आमच्याच नांदेडचा, आमच्याच गल्लीतला प्रज्ञाशील. नाकाला शेंबूड होता तेव्हापासून आम्ही त्याला पज्या म्हणतो. तो अन् माझा जावई आनंदराज, दोघं ग्यानोबाच्या बँजो पार्टीत शिकले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत ग्यानोबाच्या गाड्यावर पुढं आनंदराज बसायचा, मागं पज्या. मग पज्या पुण्याला गेला, तिथं गिटार धरली अन् मोठा झाला. आनंदराज इथंच राहिला.

राहिला अन् तोंडावर जगला. "पज्याला काय येतंय? हात जड त्याचा. मीच बोटं धरून शिकवलं. नशीब अन् केस, बाकी काय हाय त्याच्यापाशी?" रोज टपरीवर हेच दळण. अन् लोक तर काय, शेजाऱ्याचं नाव झालेलं कुणाला बघवतं? माना डोलवायचे, "खरा कलाकार आपला आनंदाच," म्हणायचे अन् चहा पाजायचे. रेल्वेत खलाशी म्हणून काम मिळत होतं, गेला न्हाई. मोबाईलच्या दुकानात बसवला, टिकला न्हाई. कलाकाराचा हात हाय म्हणे. खायला काळ अन् भुईला भार, असं मी मनात म्हणायचे.

विशाखा माझी एकुलती एक. तिला लातूरचं तलाठ्याचं स्थळ चालून आलं होतं. पण हिनं मिरवणुकीत ह्याचा बँजो ऐकला अन् तलाठ्याला नको म्हणली. तेव्हापासून ब्लाउज शिवून शिवून पोरीच्या मानेला बाक आला. मी कधी बोलायला गेले तर म्हणायची, "आई, त्यांचा हात खरा हाय गं. जगाला कळला न्हाई, मला कळला." त्या एका बोलण्यावर ती सगळं काढत होती. माझी पोर येडी ठरती का शहाणी, एवढंच मला मरायच्या आधी बघायचं होतं.

यंदा शील लातूरला कार्यक्रमाला आला. आमच्या जयंती कमिटीचा अध्यक्ष भागवत, लई बेरकी माणूस. त्यानं फोन लावला, "लातूरपर्यंत आलाच हाईस तर गल्लीत बी ये." तो हो म्हणला. आता आमच्याकडं जयंतीला दोन पार्ट्यांचा जंगी सामना ठेवायची जुनी रीत हाय. समोरासमोर दोन स्टेज. एकानं चाल टाकायची, दुसऱ्यानं ती उचलून परत फेकायची, कोण भारी ते पब्लिकनं ठरवायचं. भागवतनं कुणाला न विचारता चौकात फ्लेक्स ठोकला, शील विरुद्ध आनंदराज. वर जावयाचा फोटो शीलपेक्षा मोठा. रॉकवाल्याला सामन्यात बसवायची अक्कल आमच्याच गल्लीला सुचावी.

जावई त्या फ्लेक्सखाली उभा राहून फोटो काढून राहिला. मला म्हणला, "मामी, आता बघा. दूध का दूध होतंय."

"बघू की पाव्हणं," मी म्हणले. "पानी का पानी बी होईल."

उन्हं उतरली तसं मैदान भरलं. विशाखानं लग्नातली पांढरी साडी नेसली अन् मला ओढत पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

चाल टाकायचा पहिला मान आनंदराजचा. त्यानं ग्यानोबाची जुनी चाल काढली अन् काय उधळला म्हणता. मिरवणुकीतला बँजो असाच असतो, लय चढवत न्यायची, नाचणारे पिसाळले पाहिजेत. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. खोटं कशाला बोलू, त्याच्या बोटांना वेग हाय. विशाखानं माझ्याकडं बघितलं, बघ म्हणल्यावानी.

मग शीलनं गिटार उचलली. तीच चाल, पण सावकाश. एक सूर सोडायचा अन् थांबायचं. तो विझत आला की दुसरा. अख्खं मैदान गप झालं, पोराटोरांसकट. मला त्या वाद्यातलं ओ का ठो कळत न्हाई. माझा मालक वारला त्या दिवशी मी ड्युटीवर होते, तेव्हा रडले न्हाई. अन् इथं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डोळ्याला पदर लावला. मेल्यानं काय केलं कुणास ठाऊक.

वाजवून झाल्यावर तो म्हणला, "घे दादा. आता तू, असंच सावकाश."

आनंदराजनं दोन सूर लावले अन् तिसऱ्याला हात पळाला. थांबला, परत धरलं, परत पळाला. थांबायचं कसं हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. वेग सोडला तर त्याच्यापाशी काही नव्हतं, अन् ते लहानथोर सगळ्यांना ऐकू आलं. शील माईकवर म्हणला, "दादा, थांब की जरा. घाई न्हाई." त्यात खवचटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मागून कुणीतरी हसलं. मग एकजण ओरडला, "दादा, थांब की जरा," अन् मग सगळी टपरी तेच म्हणायला लागली. त्याला चहा पाजणारीच तोंडं होती ती. आनंदराजचे हात बँजोवरून खाली आले. शीलनं चाल सांभाळून घेतली, संपवली, समोरच्या स्टेजवर जाऊन त्याच्या पाया पडला. "माझ्या हातात पहिला बँजो ह्या दादानं दिला," म्हणला. भागवतनं शाल-श्रीफळ दिलं. जावई अंगावर शाल घेऊन उभा, रिटायर झालेल्या कारकुनावानी.

मला आनंद झाला. झाला तो झाला, लपवू कशाला? किती वर्षं म्हणत होते, ठरलं एकदाचं. मग मी विशाखाकडं बघितलं अन् तोंड कडू झालं. ती रडत नव्हती. दुकानातल्या दिव्याखाली घेतलेलं कापड उन्हात धरून बघावं, तशी नवऱ्याकडं बघत होती.

घरी आल्यावर जावई म्हणला, "साऊंडवाल्यानं घात केला. मला माझंच ऐकू येत नव्हतं."

नाचता येईना अंगण वाकडं, माझ्या जिभेवर आलं होतं. पण विशाखाच म्हणली, "हाव, साऊंड खराब होता," अन् तिनं त्याचं ताट वाढलं. मला वाटलं, गेली माझी पोर, हिला आता कुणी शहाणं करणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर गेला अन् गेल्या पावली परत आला. भागवत म्हणे तिथं सगळ्यांना सांगत होता, "मला पयल्यापासून ठाऊक होतं." चहाचं कुणी विचारलं न्हाई. जावई ओट्यावर येऊन बसला. आत विशाखा ब्लाउज शिवत होती. तिनं मोबाईल मशीनला टेकवला अन् शीलची गिटार लावली. चांगली मोठ्यानं, आमच्या घरात पहिल्यांदा.

मी शिलाईत सुई अडकल्यागत बसले. जावयानं दारातून आत बघितलं. बंद कर म्हणंल असं वाटलं, म्हणला न्हाई. विशाखानं वर बघितलंच न्हाई. "आई, तेवढं दोऱ्याचं रीळ दे," म्हणली. मी दिलं.

थोड्या वेळानं ओट्यावर त्याच्या पायाचा अंगठा गिटारच्या लयीत हलायला लागला. हाडातली सवय, जाती कुठं. पहिल्यांदा बरोबर होता, मग पुढं पळायला लागला.

विशाखानं मशीन थांबवली. त्या अंगठ्याकडं बघितलं.

"अहो," ती म्हणली, "थांबा की जरा."

अन् परत पाय मशीनवर ठेवला.