साडूंची बटणं

आमच्या साडूंनी आजवर एकही वस्तू हातात आली तशी वापरलेली नाही. देवाने त्यांना विचारून जग घडवायला घेतलं असतं तर ते अजून तयार झालं नसतं. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. आमच्या गाडीत ते मागच्या सीटवर बसले तरी पुढे हात घालून आरसा बोटभर हलवतात. मिसळ खायला गेलो की तर्रीची वाटी उजवीकडे, कांदा डावीकडे, पापड अंगठ्याच्या पल्ल्यात अशी मांडणी झाल्याशिवाय पहिला घास नाही, आणि तोवर माझी मिसळ संपलेली असते. स्वतःच्या लग्नात त्यांनी चौरंग दोनदा सरकवून घेतला होता. तिसऱ्यांदा गुरुजी उठेनात म्हणून लग्न लागलं, असं माझी बायको आजही सांगते. वय सत्तेचाळीस, नोकरी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझरची, घर नाशिकला इंदिरानगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि व्यसन एकच, मोबाइलवरच्या गेमचं. त्यातही खेळण्याचं कमी, सेटिंगचं जास्त.

तो गेम त्यांनी मला इतक्या वेळा समजावलाय की मी परीक्षेला बसू शकेन. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, दिसेल त्या घरात शिरून बंदुका शोधतात आणि शेवटचा उरेपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठतात. पळणं, वाकणं, नेम धरणं, गोळी झाडणं, प्रत्येकाचं स्क्रीनवर वेगळं बटण. ही बटणं आपल्याला हवी तिथे सरकवता येतात आणि लहानमोठी करता येतात, हे ज्या दिवशी साडूंना कळलं त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. अर्धा तास मोकळा मिळाला तर पंचवीस मिनिटं ते बटणं हलवतात आणि पाच मिनिटं खेळतात. त्या पाच मिनिटांत मेले की कारण तयार असतं. "गोळीचं बटण जरा वर पाहिजे व्हतं, साडूभाऊ." स्वतःचा नेम चुकला असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. बोट फिरवलं की नेम किती झपाट्याने फिरावा याचा एक आकडा असतो. तो अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याऐंशीवर आणला तेव्हा त्यांनी मला दुपारच्या झोपेतून उठवून फोनवर कळवलं. मी अभिनंदन केलं, दुसरं काय करणार.

कोणत्या यंत्रावर खेळावं याबद्दल त्यांची मतं अत्यंत ठाम असतात आणि साधारण महिनाभर टिकतात. गणपतीत ते म्हणत होते की कॉम्प्युटरवर खेळणं हे कारकुनांचं काम, माऊस धरून काय लढाई होते का. दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची चौकशी केली. मोठा टॅब घेतला, पंधरा दिवस त्याची आरती ओवाळली आणि सोळाव्या दिवशी "याच्यावर खेळणारा माणूस भित्रा असतो, त्याला सगळंच मोठं दिसायला लागतं" असं म्हणून विकून टाकला. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र त्यांनी एका मित्राकडे जाऊन पाहिलं. सोफा खोल होता, त्यामुळे कोपर टेकत नव्हतं, त्यामुळे यंत्र वाईट. नवीन आलेला प्रत्येक गेम ते त्याच दिवशी उतरवून घेतात, थेट सेटिंगमध्ये शिरतात आणि तिथूनच परत येतात. "चित्रं लय भारी हायेत, पण उडीचं बटण हलत नाय," एवढ्यावर कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत निकालात निघते. माझा फोन त्यांनी एकदा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत दिला. आजारी माणसाला भेटून आल्यावर लोक असे गप्प होतात.

त्यांच्या मते गेमचा खरा शत्रू एकच, तापलेला फोन. फोन तापला की चित्र अडखळतं आणि चित्र अडखळलं की माणूस मेला. आता ज्या माणसाच्या ताब्यात द्राक्षं गार करायच्या खोल्याच्या खोल्या आहेत, त्याला यावर काय सुचेल हे वेगळं सांगायला नको. एका एप्रिलमध्ये साडू जेवणाच्या सुट्टीत जाकीट आणि कानटोपी घालून क्रेटच्या राशीमागे जाऊन बसले. फोन बर्फासारखा, चित्र लोण्यासारखं, फक्त बोटं बधिर. मग बधिर बोटांसाठी बटणं मोठी केली. आठवडाभर ते या शोधावर खूश होते आणि पेटंट कुठे मिळतं हेही त्यांनी मला विचारलं. आठव्या दिवशी ते गारठलेला फोन हातात धरून बाहेर भर उन्हात आले. फोनला आतून-बाहेरून घाम फुटला, काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसायला लागले आणि तो जो मान टाकून पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चूक थंडीची नाय, मी बाहेर घाईनं आलो."

या सगळ्या येडेपणात त्यांची एक जोडीदारीण होती, त्यांची लेक सई. ती दहावीच्या सुट्टीत असताना दोघं आईच्या जुन्या, कोपऱ्यात तडा गेलेल्या फोनवर आळीपाळीने खेळायचे. साडूंनी तिचा पंजा आलेख कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला होता, अंगठा कुठवर पोचतो ते मोजलं होतं आणि त्यावरून तिच्यासाठी बटणांची मांडणी लावून दिली होती. पुढे सई शिकली आणि नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जाताना ठरलं की दर रविवारी सकाळी दहाला दोघांनी आपापल्या फोनवरून एकत्र खेळायचं. साडू गुरुवारपासूनच अस्वस्थ व्हायचे. शनिवारी रात्रीचं जेवण उभ्याने. रविवारी साडेनऊला आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून खिडकीशी बसायचे. खेळता खेळता कानाला लावलेल्या इअरफोनमधून दोघांच्या गप्पा चालत, आणि त्या गप्पांत गेम फारसा नसायचा. जेवलीस का, मेसची भाजी कशी आहे, खोकला गेला का, मधूनच "डावीकडं बघ, डावीकडं".

मग दहाचे अकरा झाले. तीन डावांचा एक झाला. मग एखादा रविवार "पप्पा, पुढच्या वेळी नक्की" असा जाऊ लागला. आम्हां सगळ्यांना कळत होतं की चोविशीतल्या मुलीला तिचे मित्रमैत्रिणी असतात, तिचा रविवार असतो. साडूंनी मात्र निदान केलं की नेटची भानगड आहे. त्यांनी राउटर हॉलमधून बेडरूममध्ये नेला, तिथून माळ्यावर नेला आणि शेवटी देवघरात गणपतीशेजारी ठेवला. मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच सांगा हो यांना. रोज फुलं वाहताना त्या डब्यालाही हात जोडले जातात माझे." मी सांगून काय होणार. राउटरने भागेना तेव्हा त्यांनी ठरवलं की सईची बटणंच चुकीची असणार, खेळायला मजा येत नसणार. बटणांची मांडणी एका कोडने दुसऱ्याला पाठवता येते. मग दर शनिवारी साडू नवी मांडणी करायचे आणि तिला कोड पाठवायचे, "हा टाक, याने हात मोकळा राहतो." तिकडून अंगठा यायचा. रविवारी ती यायची नाही, की पुढच्या शनिवारी नवा कोड. लेक हळूहळू लांब चाललीय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तिथे हात घालायला बटण नव्हतं, म्हणून ते जिथे होतं तिथे हलवत राहिले. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

दिवाळीत सई घरी आली. भाऊबिजेला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. जेवणं झाली आणि साडूंनी तोपर्यंत महत्प्रयासाने दाबून धरलेला प्रश्न विचारला, "फोन दाखव बरं तुझा. कोणता कोड चालूय?"

सईने फोन उघडून दिला. मी शेजारीच बसलो होतो. त्या नव्या, लांबलचक स्क्रीनवर सगळी बटणं दोन कोपऱ्यांत दाटीवाटीने बसली होती. गोळीचं बटण तर इतकं आत की मोठ्या माणसाचा अंगठा तिथे अवघडून जाईल. साडूंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही तर दहावीतली," ते म्हणाले.

"हो. फोन बदलले तरी हीच उचलून आणते."

"आणि मी पाठवलेले कोड?"

"सगळे टाकून बघितले, पप्पा. जपून पण ठेवलेत. पण माझा हात याच्यावरच चालतो." मग ती म्हणाली, "आणि आपलं नेट चांगलं आहे. ते देवघरातून काढा. मी रविवारी नसते, आम्ही सगळे कुठेतरी फिरायला जातो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

साडूंचा अंगठा स्क्रीनवर होता. ती मांडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकलेली होती हे मलासुद्धा दिसत होतं. एवढ्या गोष्टींवर या माणसाने आख्खी रात्र काढली असती. आम्ही सगळे त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. त्यांनी तो उचलला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि फोन तिच्या हातात दिला. "बरोबर हाय," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. मेहुणीने माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलायला लागली.

सई परत बंगळुरूला गेली. पुढच्या रविवारी दहाला आमच्या दारात साडू उभे, आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. माझ्या त्या आजारी फोनवर त्यांनी गेम उतरवला आणि माझा पंजा कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून पेन्सिलीने गिरवला. "तुमचा अंगठा लय जाड हाय, साडूभाऊ," असं म्हणत बटणं लावून दिली. तेव्हापासून दर रविवारी मी बेटावर उतरतो आणि तीन मिनिटांत मरतो. परवा मी तक्रार केली की गोळीचं बटण माझ्या अंगठ्याला पोचत नाही, जरा सरकवून द्या. त्यांनी माझ्या फोनकडे बघितलंही नाही. स्वतःच्या फोनवर मित्रांची यादी उघडून ते सईच्या नावाशेजारचा, ती खेळात नसल्याचा राखाडी ठिपका बघत होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "सवय होईल."

मी पुन्हा उडी मारली.