मांजराच्या मापाची कुंची

माझ्या पहिल्या नातवाच्या कुंचीचं माप मी मांजरावर घेतलं होतं. कुणी हसण्याआधी सांगते, त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

सून बाळंतपणाला माहेरी, आसेगावला गेलेली. सव्वा महिना झाला की ती बाळाला घेऊन आमच्याकडे मेडशीला येणार आणि त्याच दिवशी बारसं, असं ठरलं. विहीणबाईंच्या हातात शिवणाची कला आहे (त्या झबल्याच्या आतल्या शिलाईलाही नक्षी काढतात, जिथे कुणी बघत नाही तिथे). फोनवर त्या सहज म्हणाल्या, "कुंची आमी शिवून आणतो. तुमी तरास नका घेऊ."

"तरास कायचा? मशीन काय आमी शोभेले ठेवली?" मी म्हणाले. (मशीन शोभेलाच होती. तिच्यावर टीव्ही होता.)

झालं, शब्द गेला. आता नातवाने पहिली कुंची माझ्याच हातची घालायला हवी होती, नाहीतर विहीणबाईंपुढे तोंड दाखवायची सोय उरली नसती. टीव्ही खाली उतरवला, लग्नातल्या शालूचा जांभळा काठ उसवला आणि मग लक्षात आलं की माप नाही. सुनेला विचारलं असतं तर टेप घेऊन विहीणबाईच बसल्या असत्या, आणि मग ती कुंची अर्धी त्यांचीच झाली असती. म्हणून मुलाला आडून विचारलं, "कसा आहे रे बाळ?" तो म्हणाला, "मस्त आहे. चार किलोचा झाला."

चार किलो! मी इकडेतिकडे पाहिलं. उंबऱ्यावर आमची गेंदी झोपली होती. गेंदी म्हणजे झेंडूच्या रंगाची, लाडावलेली मांजर. आमचे हे वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर, विकायला बाजारात नेतात, त्यांचा लटकवायचा काटा दाराशीच होता. गेंदीला पिशवीत घातलं आणि काट्याला लावलं. बरोबर चार किलो.

तेवढ्यात हे आले. "काय करून राह्यली वं? मांजर विकतं का काय?"

"बाळाचं माप घेऊन राह्यले."

"मंग बाळाले मोज ना."

"बाळ आसेगावले आहे. मांजर इथं आहे."

यावर त्यांनी मान डोलावली. (चाळीस वर्षांच्या संसारात हे मोजून तीनदा झालं आहे.)

पुढचे आठ दिवस रोज फिटिंग चाललं. गेंदी पहिल्या दिवशी ओरबाडून पळाली. मग मी कुंची चढवली की तिला वाटीभर साय द्यायला लागले. चौथ्या दिवसापासून ती स्वतःच कुंचीत डोकं घालून पडू लागली आणि साय येईपर्यंत मिशीही हलवेना. कुंची तिच्या अंगावर इतकी बेतशीर बसली की मी दोनदा दृष्ट काढली.

बारशाला केकही घरीच करायचा, असं मी त्याच झोकात जाहीर करून टाकलं. कुकरच्या तळाशी मीठ पसरलं, शिट्टी काढली आणि रव्याचा केक लावला. तो एका बाजूने फुगला आणि मधोमध असा भेगाळला की ह्यांना आपलं वावर आठवलं. मी भेगा बुजवायला वरून साखर घालून घोटलेल्या सायीचा जाड थर दिला. पांढराशुभ्र केक पाळण्याशेजारच्या पाटावर मांडला, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आसेगावची मंडळी आली. मी सगळ्यांसमोर कुंची काढली आणि बाळाच्या डोक्यावर चढवली. ती चढलीच नाही. माणसाच्या लेकराचं वजन जास्त करून डोक्यात असतं आणि मांजराचं पोटात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कुंची टाळूवर द्रोणासारखी राहिली आणि बाळाने भोकाड पसरलं. विहीणबाईंनी मांडीवरची पिशवी हळूच मागे सरकवली.

शेवटी माझी लेक रेखा, म्हणजे बाळाची आत्या, मदतीला धावली. "राहू दे माय, वरवंट्याले होते ते." बारशात बाळाच्या आधी पाळण्याच्या वरून-खालून वरवंटा फिरवतात ना, बाळासारखा नटवून, तो. माझी शालूच्या काठाची कुंची दगडाच्या नशिबी आली! मी आतल्या खोलीत जाऊन वरवंट्याला ती घातली, दुपट्यात गुंडाळून पलंगावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. चष्मा तिथेच कुठेतरी राहिला आणि मी चहा बघायला स्वयंपाकघरात गेले.

बाहेरून हाक आली, "आणा वं बाई वरवंटा!" मी पुन्हा आतल्या खोलीत गेले आणि अंदाजाने दुपटं उचललं. वजन तेवढंच होतं. थोडं कोमट लागलं, पण खिडकीतून ऊन येत होतं, त्याने दगड तापला असेल असं मला वाटलं. कुशीत घेऊन बाहेर आले. बाया गोविंदा-गोपाळाचं नाव घेत होत्या. मी पाळण्यावरून दिलं, समोरून विहीणबाईंनी घेतलं आणि खालून मला परत केलं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा विहीणबाई थांबल्या.

"ताई," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या वरवंट्याले शेपूट कायले आहे?"

कुंचीतून गेंदीने डोळे उघडले. तिच्या हिशोबाने फिटिंग संपलं होतं आणि साय यायची वेळ झाली होती. साय समोरच पाटावर होती. तिने विहीणबाईंच्या हातातून जी झेप घेतली ती थेट केकच्या मधोमध. तिथून रांगोळीवर, रांगोळीवरून विहीणबाईंच्या नव्या कोऱ्या साडीवर आणि तिथून खिडकीबाहेर, डोक्यावर जांभळी कुंची तशीच. (वरवंटा नंतर पलंगाखाली सापडला. बिचारा उघडाच होता.)

बाळ रडायचं थांबलं. मी विहीणबाईंच्या साडीवरचे सायीचे पंजे बघत उभी होते. हे कोपऱ्यातून म्हणाले, "ती कुंची मांजराच्याच मापाची आहे जी. काट्यावर जोखून शिवली तिनं."

विहीणबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. मग त्यांनी पिशवीतून एक कुंची काढली. "मी तं आणलीच होती, ताई. पण तुमची हौस पाहून काढली नाई." ती बाळाला चपखल बसली. मी हसले आणि पाटावरचा केक उचलायला खाली वाकले.

जाताना त्या म्हणाल्या, "आमच्या घरी बोका आहे. साडेपाच किलोचा. त्याले एक शिवून द्या बरं असीच." आयुष्यातली माझी ही पहिली ऑर्डर! मी उरलेला काठ लावून, मन लावून शिवली आणि मुलाबरोबर आसेगावला धाडली.

आठ दिवसांनी विहीणबाईंनी मोबाइलवर फोटो पाठवला. बोक्याने कुंची अंगाला लावूही दिली नव्हती म्हणे. पण फोटोत माझा नातू होता, आजोळी गेलेला, डोक्यावर जांभळी कुंची, कानाशी नीट, हनुवटीशी नीट. मी तो फोटो शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला आणि प्रत्येकीने विचारलं, "माप कसं घेतलं वं?"

मी म्हणते, अंदाजाने. माप बोक्याचं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.