आरतीच्या वेळचा अपलोड

"मॅडम, सावंत पेशंटचं रीडिंग येत नाहीये. तुमची लाइन गेलीय की पेशंट?"

हॉस्पिटलमधल्या नर्सने ऑफिसच्या फोनवर इतकं सरळ विचारलं. मी एका लहानशा इंटरनेट कंपनीत नेटवर्क इंजिनिअर. गणपतीचे दिवस होते, संध्याकाळचे आठ वाजून गेले होते आणि मी दादरच्या ऑफिसात होते.

सावंत पेशंट म्हणजे काळाचौकीच्या आमच्या चाळीतले तात्या. ते आणि माझे बाबा एकाच गिरणीत साच्यावर होते. मागाला गिरणगावात साचा म्हणतात. संपात दोघांचंही काम गेलं ते कायमचं. पुढे बाबाही गेले. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करायला तात्याच आले होते.

त्यांचं हार्टचं ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलने नवीन सोय दिली. छातीला चिकटवायचं छोटं यंत्र, ते घरातून ठोक्यांचं रीडिंग इंटरनेटवर पाठवत राहतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, घाबरल्या होत्या. मी ऐटीत म्हटलं, "काकू, लाइन माझी आहे. बिनधास्त राहा."

तात्यांना काही ते पटलं नव्हतं. "गो बाय, साच्यावर धागो तुटलो की साचो आपसूक थांबता. तुझ्या लायनीत धागो तुटलो तर कोणाक कळतला?"

मी हसले होते. आज नर्स तेच विचारत होती.

इंटरनेटला दोन वाटा असतात. घरात येणारी ती डाउनलोड, घरातून जाणारी ती अपलोड. चाळीच्या नेटवर्कचं डिझाइन केलं तेव्हा लोक फक्त सिनेमे बघायचे. म्हणून दहातले नऊ हिस्से येणाऱ्या वाटेला दिले, एक जाणाऱ्या वाटेला. तो एक हिस्सा सगळ्या खोल्यांत मिळून. मीटिंगमध्ये मी शंका काढली होती. आमचे बॉस कर्णिक सर म्हणाले, "लोक पाठवणार काय? गुड मॉर्निंगचे फोटो?" सगळे हसले, मीही हसले. खाली सही माझीच आहे.

स्क्रीन उघडली. चाळीची लाइन चालू होती, पण अपलोड काठोकाठ भरलेला. मोबाइलवरून तात्यांना फोन लावला. नुसती रिंग. काकूंना लावला. तेच.

मग घड्याळाकडे बघितलं आणि ट्यूब पेटली. आठची आरती! चाळीच्या चौकात सगळे आरती म्हणत असणार. प्रत्येकाचा एक हात वर, हातात फोन, फोनवर कणकवलीची आत्या नाहीतर दुबईचा भाऊ. अख्खी चाळ एकाच वेळी व्हिडिओ पाठवत होती. तात्यांचं चिमूटभर रीडिंग त्या गर्दीत अडकलं होतं. काकूही त्याच चौकात असणार, म्हणजे तात्या खोलीत एकटे.

"सर, चाळीचे सगळे व्हिडिओ कॉल तोडतेय," मी पलीकडच्या टेबलावरच्या कर्णिक सरांना म्हटलं.

"आरतीच्या मध्ये? वेडी आहेस का? मंडळवाले ऑफिस फोडतील!"

"फोडू देत."

घाईत कमांड दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली.

"आलं!" नर्स फोनवर ओरडली. "ठोके एकशे साठच्या वर आहेत. त्यांच्याजवळ कोण आहे?" मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, परत गेलं."

आता चाळीला नेट देणारा बॉक्सच बंद दिसत होता. काय झालं ते मला लगेच कळलं. नेट गेलं की आमच्या चाळीत कोणी कंपनीला फोन करत नाही. जो हाताशी असेल तो वर जातो, तात्यांच्या दाराबाहेरच्या बॉक्सचा स्विच बंद करतो, चालू करतो. ही सवय मीच लावली होती. तो बॉक्स परत उठायला तीन मिनिटं घेतो. एवढी भीती मला बाबांच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा निदान मी त्यांच्याजवळ होते.

माझा मोबाइल वाजला. तात्यांच्या शेजारची वंदना वहिनी. नेट गेलं म्हणून मला शिव्या घालायला केला असेल असं वाटलं.

"सुषमा, अगं बॉक्स बंद करायला वर आले तर तात्या दारात बसलेत! घामाने नुसते निथळतायत, बोलत नाहीयेत. काय करू?"

"खाली ओरड! आरतीतली माणसं वर बोलव. हॉस्पिटलला न्या, मी नर्सला सांगते."

ॲम्ब्युलन्स गर्दीत आत येणं शक्य नव्हतं. मंडळाच्या माणसांनी तात्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावर घेतलं आणि परळच्या हॉस्पिटलपर्यंत जवळजवळ पळत नेलं. तात्या वाचले. आणखी उशीर झाला असता तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

डिझाइन बदललं. अशा यंत्रांना आता वेगळी राखीव वाट असते, तिच्यात व्हिडिओ घुसत नाही. रीडिंग पोचलं नाही तर हॉस्पिटलमध्ये आणि घरात, दोन्हीकडे भोंगा वाजतो. तो ऐकून तात्या म्हणाले, "आता तुझो साचो थांबाक शिकलो."

लोक पाठवणार काय, असं कर्णिक सर आता विचारत नाहीत. नवीन इमारतीचं काम आलं की मी खोल्या मोजण्याआधी विचारते, तुमच्याकडे आरती किती वाजता असते?

कॉमन बॉक्स जिन्याखाली कुलुपात ठेवायचा, असाही नियम झाला. बाकी सगळ्या चाळींतले हलवले. तात्यांच्या दाराबाहेरचा मात्र मी तिथेच ठेवलाय.