उणकलच्या गोदामातलं तेल

माझ्या शेजारच्या दुकानदाराने मला फसवलं, आणि माझ्या हातून आमच्या अख्ख्या केशवापूर भागाला.

तिकडे परदेशात युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेलाची जहाजं अडकली. आम्ही दोघेही तेलाचे व्यापारी, भिंतीला भिंत लावून दुकानं. वीस वर्षं मी त्याला अण्णा म्हणत आलो. तो म्हणाला, "लोक घाबरलेत. दोघांनी एकदम विकलं तर दोघेही रिकामे. आधी तू वीक, नेहमीच्या भावाने, घरटी एकच डबा. मग मी उणकलचं गोदाम उघडतो."

"कधी?"

बाजारात सौदा करतात तसा त्याने आमच्या हातांवर टॉवेल टाकला आणि खालून माझी चार बोटं दाबली. म्हणजे चौथ्या दिवशी. मी मिरचीबाजारात हमाली करत वर आलेला माणूस. सही करून उलटणारे खूप पाहिले, टॉवेलाखालचा शब्द मोडणारा एकही नाही. म्हणून साक्षीला कुणाला घेतलं नाही. माझी चूक एवढीच.

चौथ्या दिवशी माझ्याकडे एक डबा उरला नव्हता. मागच्या गल्लीत खानावळ चालवणारी बाई माझ्याकडे आली. "दादा, चाळीस पोरं जेवायची आहेत, फोडणीला तेल नाही." मी शेजारी बोट दाखवलं.

त्याने हात जोडले. "अक्का, माझ्याकडे कुठलं? यालाच विचारा, डबे कुठं लपवलेत ते."

ती माझ्याकडे वळली. "घरटी एक डबा म्हणे! बाकीचे बायकोच्या माहेरी धाडले काय?"

तेलासाठी रांगेत उभे असलेले सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली. "टॉवेलाखाली काय दाबलंस, सांग!"

"कसला टॉवेल?" तो म्हणाला. शांतपणे.

टीव्हीवर रोज सांगत होते, देशात साठा भरपूर आहे, घाबरू नका. होताच की. भाव चढल्यावर उणकलहून टेम्पोमागून टेम्पो आले, तेव्हा डबे उतरवणारे हमालच म्हणाले, त्याचं गोदाम महिनाभर छतापर्यंत भरलेलं होतं. त्या महिन्यात खानावळ बारा दिवस बंद राहिली. ती बाई आता तेल त्याच्याकडूनच नेते, आणि माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवते.

अण्णा, माझी माफी मागू नकोस. तिच्या खानावळीत जा, पोरं जेवायला बसलेली असताना, आणि मोठ्याने सांग: तेल होतं, मीच दाबून ठेवलं. कधी जाणार आहेस?