केबिनमधला पाहुणा

माझा पुतण्या हैदराबादच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. परवा जेवताना तो सांगत होता, दुसऱ्या कंपनीचा पायलट घरी निघाला असेल तर त्याला कॉकपिटमधली जादा सीट मिळू शकते. मात्र आधी कॅप्टनला विचारायचं, आणि बसल्यावर त्याच्या कामात तोंड घालायचं नाही. "काका, केवढी अदब असते पाहा," तो म्हणाला. मला माझ्या केबिनमधला एक पाहुणा आठवला.

आम्हा बसड्रायव्हरांतही हेच चालतं. मी आदिलाबाद-निर्मल मार्गावर सरकारी बस चालवत होतो. सुटीवरचा ड्रायव्हर प्रवासी म्हणून मागे बसत नाही. इंजिनच्या झाकणापलीकडे, डाव्या अंगाला एक सीट असते, ती त्याची. पण तिथे झोपायचं नाही, कारण शेजारच्याची झोप गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. ब्रेक लागला की आपला पाय दाबायचा नाही. त्याच्या गाडी चालवण्यावर बोलायचं नाही. आणि केबिनमध्ये जे दिसलं ते केबिनमध्येच ठेवायचं.

एका हिवाळ्यात मला असे पाहुणे नको झाले होते. माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं येत होतं. डॉक्टरकडे जायची भीती वाटे, कारण कागदावर 'अनफिट' लिहिलं की स्टेअरिंग सुटलं. मग डेपोच्या गेटवर साखळी उघडत बसायचं. वार्षिक तपासणीत माझ्या पुढच्याने भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचली, ती मी ऐकून पाठ केली आणि पास झालो. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून गाडी दाराशीही भरलेली असे. एवढी माणसं मागे घेऊन मी एका डोळ्यावर चालवत होतो. घरी बायकोलाही हे ठाऊक नव्हतं.

त्यातच डेपोत कुजबुज सुरू झाली की साध्या कपड्यातला माणूस गाडीत बसून ड्रायव्हरवर नजर ठेवतो. आणि एका दुपारी आदिलाबाद स्टँडवर माझ्या खिडकीखाली एक माणूस येऊन उभा राहिला.

"दादा, मी नदीपल्याडचा. तिकडल्या राज्यात बस चालवतो. निर्मलला पोरीकडं जाऊन राह्यलो. बसू का?"

विचारलं अगदी रीतीप्रमाणे, आणि तेच मला खटकलं. बूट चकचकीत होते, खांद्याला लहानशी बॅग होती. पोरीकडे निघालेल्या माणसाच्या हातात खाऊची पिशवीसुद्धा नव्हती. पण नाही म्हणणं आमच्यात नीचपणाचं. "बसा भाऊ," म्हणालो.

गुडीहत्नूर मागे पडलं. मग तो थोडा तिरका सरकला. आता त्याला रस्ताही दिसत होता आणि माझं तोंडही. बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "तिकडं कोणती गाडी हाय तुमच्याकडं?"

"जुनीच. घरवालीसारखी. कुरकुरते, पन सोडून जात नाई."

मी हसलो. तो हसला नाही. तो माझ्या डाव्या आरशाकडे पाहत होता. पाहुणा रस्ता बघतो, झाडं बघतो. यजमानाचा आरसा कशाला बघेल? हाच तो माणूस, माझी खात्री पटली.

इच्छोड्याच्या अलीकडे डावीकडच्या कच्च्या रस्त्याने कापसाचा ट्रॅक्टर महामार्गावर चढत होता. मला तो दिसलाच नाही.

"डावी! डावीकडं!" पाहुणा ओरडला.

मी ब्रेक मारला. मागे माणसं एकमेकांवर आदळली. ट्रॅक्टरवरचा कापूस काचेला घासून गेला. कंडक्टरबाई दांड्याला धरून ओरडली, "अन्ना, एमैंदी? काय झालं?"

"काही नाही, ट्रॅक्टरवाला मधे आला," मी म्हणालो. बायका ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालू लागल्या. मी त्या घालू दिल्या. पाहुण्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरची बॅग घट्ट धरली.

नेरडीगोंड्याला गाडी चहाला थांबली. मी त्याला टपरीमागे गाठलं.

"कोणी पाठवलं तुमाले?"

"मले? कोण पाठवन?"

"मग काऊन आरशाकडं पाहून राह्यले सारखे?"

"तुमी पाहत नाई म्हणून." त्याने कप खाली ठेवला. "डावीकडं पाहाचं असलं का तुमी पुरी मान फिरवता, दादा. गुडीहत्नूरच्या आधीच आलं माह्या ध्यानात. मी बोललो नाई. पावण्यानं बोलू नये."

"डेपोत सांगसान?"

"केबिनमधलं बाहेर नाई सांगत मी. तेवढी रीत मले हाय." तो थांबला. "पन आता बसत बी नाई. पुढं घाट हाय. मी मागच्या गाडीनं येतो."

त्याने हात जोडले आणि रस्त्याकाठच्या बाकावर जाऊन बसला. त्याला यापेक्षा जास्त काही करता येत नव्हतं. ड्रायव्हरने दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीतून अर्ध्या वाटेत उतरावं, याहून मोठं आमच्यात बोलणं नाही. तरी माझं पापी मन म्हणत होतं, हा आता फोन लावेल.

मी गाडीत चढलो, इंजिन चालू केलं. मोकळी झालेली सीट पाहून दाराशी उभी असलेली एक म्हातारी पुढे आली आणि नातवाला मांडीवर घेऊन तिथे टेकली. "बरी जागा भेटली माय," ती नातवाला म्हणाली. त्या पोराने काचेला तळहात लावले.

मी इंजिन बंद केलं.

"अन्ना, इंजिन बिघडलं का?" कंडक्टरबाईने विचारलं.

"इंजिन नाही. माझा डोळा. सगळ्यांना मागच्या गाडीत बसवा."

तिला ते खरं वाटेना. लोक चिडले. "आदी नाई समजलं का?" एक बाई उतरता उतरता म्हणाली. मला आधी समजलेलंच होतं. मागची गाडी आली, आधीच गच्च भरलेली, तरी सगळे तिच्यात कसेबसे कोंबले गेले. पाहुणाही चढला. मी त्याच्याकडे गेलो नाही. लाज वाटत होती, आणि संशयही अजून गेला नव्हता.

बदली ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी डेपोच्या साहेबांसमोर उभा राहिलो. डोळ्याचं सांगितलं, पाठ केलेल्या अक्षरांचंही सांगितलं. मग न राहवून विचारलं, "साहब, मेरी शिकायत कौन करा?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कैसी शिकायत? तुम खुद आके बोल रहे ना।"