दळणयंत्र किती वेळ चाललं?

सकाळी दहा चाळीसला भट्टीचा आकडा चारशे दहा अंशांवर होता आणि भिंगरी तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठली होती. प्रयोगशाळेत तिला याच नावाने हाक मारतात. एवढ्या वर्षांत तिला कुणी बसून चहा पिताना पाहिलेलं नाही.

भट्टीत चिमूटभर पांढरी माती होती. ही माती पत्त्यांच्या कॅटासारखी थराथरांची, आणि थरांत पाणी घट्ट बांधलेलं. चांगली माती पाचशे अंशांच्या आसपास ते सोडते, तेव्हा पडद्यावरची वजनाची रेघ एकदम खाली येते. ही रेघ आत्ताच घरंगळायला लागली होती. सकाळच्या क्ष-किरणांच्या आलेखातही शिखरं बसकी आली होती. म्हणजे माती कुचकामी, म्हणजे नवी खाण बंद. त्या खाणीवर तिचा थोरला भाऊ मुकादम होता.

फोन वाजला.

"काय म्हणते माती?"

"दादा, मी कामावर आहे."

"मीही आहे. उद्या असेन का, तेवढं सांग."

फोन ठेवून ती दळणयंत्रापाशी जाऊन उभी राहिली. नमुना दोन मिनिटं दळायचा. काल तिने घड्याळच लावलं नव्हतं. दादाची माती म्हणून झाकण उघडून चिमटीत चुरून पाहिली, अजून बारीक हवी म्हणून यंत्र पुन्हा लावलं, मधेच जिना उतरून आली. जास्त दळलं की थर यंत्रातच मोडतात. मग चांगली मातीही भट्टीत कुचकामी दिसते.

की हे सगळं तिला दादासाठी सुचत होतं? दुसऱ्या कुणाची खाण असती, तर एव्हाना सही ठोकून ती मोकळी झाली असती. ती शेजारच्या टेबलाशी गेली. तिथे बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे गोगलगाय म्हणतात.

"मी नमुना जास्त दळला असावा."

"असावा, की दळला?"

"तेच कळत नाही. आणि खाणीवर माझा भाऊ आहे."

त्याने सावकाश चष्मा पुसला. "मग प्रयोग तूच पुन्हा केलास तर कुणी मानणार नाही."

"तू कर. पोत्यातली नवी माती घे. मी खोलीत पाय ठेवणार नाही."

"तू बाहेर थांबणार? दाराची चौकट उखडशील."

विभागप्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "भाऊ तिथे आहे, हे कालच सांगायला हवं होतं."

"हो."

"दोन्ही आलेख पाठवू. दुसराही असाच आला, तर खाण बंद."

"हो, बाई."

संध्याकाळी दादाचा पुन्हा फोन आला.

"उद्या कळेल," ती म्हणाली. "गोगलगाय करतोय."

"मेलो. तो कधी उरकणार?"

"घाई मी करून बसलेय, दादा. म्हणून त्याला दिलंय."



नवा नमुना सकाळी नऊला भट्टीत जाईल. भट्टी मिनिटाला दहा अंशांनी चढेल, त्याहून भरभर नाही. कामाच्या फळ्यावर उद्यासाठी भिंगरीचं नाव तळमजल्यावर, पाण्याच्या तपासणीपुढे लिहिलेलं आहे.